पंचफुला पातीतून उठली

आर्णीच्या पलीकडल्या त्या गावात पंचफुलासारखी कापूस वेचणारी बाई नव्हती. तुम्ही विचारलं नसतं, तरी तिनं स्वतःच सांगितलं असतं. सकाळी आपल्या पातीला, म्हणजे वेचायच्या ओळीला, लागली की दुपारच्या भाकरीपर्यंत कंबर सरळ करायची नाही, घोटभर पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं की उठावं लागतं, आणि उठलं की शेजारच्या पातीतली भुरीबाई पुढं जाते. ही भुरीबाई वीस वर्षं दुसरी येत होती आणि वीस वर्षं दात खात होती. कंबर ठणकलीच तर पंचफुला अंगदुखीची गोळी कोरडीच गिळायची. रोजच्या दोन, दिवाळीनंतर तीन.

पूर्वी निदान कपाशीत तुरीच्या ओळी असायच्या. बाया तुरीआड जाऊन यायच्या. पण कापसाचा भाव पडला आणि बबनराव मालकाचं डोकं फिरलं. भाव पडला तर कापूस जास्त काढू म्हणाला, आणि तूर सोडून या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नुसती बीटी कपाशी लावून मोकळा झाला. कपाशी जेमतेम कमरेएवढी, आणि मालक स्वतः वजनकाटा घेऊन बाभळीखाली बसलेला. आता बायांनी जावं कुठं? तर त्यांनी पाणीच सोडलं. धन्य त्या बाया आणि धन्य तो मालक!

एके दिवशी पंचफुलाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. नवरा बाबाराव तिला आर्णीला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाई, तुमची मूत्रपिंडं निम्म्यानंच रक्त गाळताहेत. गोळ्या बंद. दिवसाला तीन लिटर पाणी. पंधरा दिवसांनी परत तपासू. सुधारलं नाही, तर नागपूरला जाऊन मशीनवर रक्त धुवायची पाळी येईल."

"मले काय धाड भरली? चांगली खाऊन-पिऊन आहो मी," पंचफुला म्हणाली.

"पिऊन?" बाबाराव म्हणाला.

बाबाराव ठिबकचे संच बसवायचा. परतताना त्यानं एका ओळखीच्या विहिरीवर गाडी थांबवली आणि बायकोला ठिबकच्या गाळणीपुढं उभं केलं.

"हे पाय. तुह्या पोटात अशा लाखो बारक्या गाळण्या आहेत. डॉक्टरीन म्हने, दिवसाले एकशेऐंशी लिटर गाळते अन् दीड-दोन लिटर बाहीर सोडते. बाकी सारं परत रक्तात."

"एवढं? मंग मले दिसत काहून नाई?"

"गप ऐक. गाळाले दाब लागते. आत येनारा एक व्हॉल, बाहीर जानारा एक." त्यानं हँडल फिरवलं, दाबाचा काटा हलला. "पानी कमी पडलं का शरीर आतला व्हॉल मोकळा करते, बाहीरचा आवळते. दाब तेवढाच राह्यते. कोनी सांगा लागत नाई त्याले. पन तुही ते गोळी आतला व्हॉल मोकळा होऊच देत नाई! मांगून पानी नाई, समोर व्हॉल बंद. काटा पडंन नाई तं काय?"

बोलता बोलता त्यानं हँडल पार बंद केलं होतं; काटा खरोखर शून्यावर आला होता. हँडल सोडून बाबाराव म्हणाला, "मले एकट्याले टाकून जातं का, पंचफुले?"

तिला भडभडून आलं. तीन लिटर म्हणजे तीन लिटर, तिनं ठरवलं. पण ठरवणारी बाई शेवटी पंचफुलाच! दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसून तिनं तांब्यावर तांबे रिचवले, दिवसाचं सगळं पाणी एका बैठकीत संपवलं, आणि आता संध्याकाळपर्यंत पातीतून उठायचं काम नाही म्हणून खुशीत वावरात गेली.

दहा वाजता ती कापूस वेचत होती की देवाचं नाव घेत होती, तिचं तिलाच कळेना. अकराला घाम फुटला. शेजारी भुरीबाई सपासप वेचत होती. समोर बाभळीखाली मालक. आज उठलं तर पहिला नंबर गेला. न उठलं तर उद्यापासून परत पाणी बंद, आणि मग नागपूरचं मशीन.

पंचफुला उठली.

"ओ मालक! तोंड तिकडं करा!"

"कायले?" बबनराव दचकला.

"बायाइले जा लागते म्हून! तुरी तुमीच काढल्या ना?"

मालक असा वळला की काट्याला अडखळून पडता पडता वाचला. पंचफुलानं चार बायांना हाका मारून कापूस बांधायच्या लुगड्यांचा आडोसा धरायला लावला. ती मोकळी होऊन येते न येते, तोच आडोसा धरणाऱ्या एकीनं आपलं टोक तिच्या हातात दिलं आणि स्वतः आत शिरली. मग तिसरी. मग चौथी. अख्ख्या वावरातल्या बाया कधीच्या दम धरून होत्या म्हणायच्या! हसून हसून त्यांच्या ओटीतला कापूस सांडला. बबनराव बिचारा पाऊण तास बाभळीच्या सालीकडं पाहत उभा होता.

एकटी भुरीबाई तेवढी जागची हलली नाही.

संध्याकाळी काटा झाला. भुरीबाई सहा किलोंनी पहिली! वीस वर्षांत पहिल्यांदा. पंचफुलाचा जीव असा जळला की काय सांगावं. चार खरमरीत शब्द तिच्या जिभेवर आले होते. तेवढ्यात भुरीबाई गठुडं उचलायला वाकली आणि बाभळीला धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं वं?"

"काई नाई. अंधारी आल्यावानी झालं. दोन-चार दिवसांपासून येऊन राह्यली."

पंचफुलानं तिचं गठुडं काढून घेतलं.

"उद्या सकाळी आर्णीले चाल माह्यासंगं."

"वेचनी सोडून?"

"हो, वेचनी सोडून."

"अन् मंग उद्या पयली कोन येईन?"

"येऊ दे ना कोनीबी," पंचफुला म्हणाली.