काळ्या बुडाची किटली

मी किटली बोलतेय. अॅल्युमिनियमची, एका बाजूला पोचा पडलेली आणि बुडाला काळीकुट्ट. नाक मुरडू नका. या घरात सध्या माझी वट आहे.

माझा मालक पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. जिथे काम तिथे मी, रंगाच्या डब्यांशेजारी. चार वाजले की परांचीखाली स्टोव्ह पेटायचा आणि पेंटर सगळ्यांसाठी चहा टाकायचा. त्या दिवसांत मला उसंत नव्हती, पण सुख होतं.

मग एकदा तो परांचीवरून पडला आणि डोक्याला मार बसला. डॉक्टरांनी जीव वाचवला. घरी आला तेव्हा उजवा हात ढिला पडला होता, शब्द अडकत होते आणि एक गोष्ट केली की पुढची कोणती, तेच त्याला सुचत नव्हतं. त्याच्या सामानाबरोबर मीही स्वयंपाकघरात येऊन पडले.

सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. हळूहळू ती आटली. येत राहिली ती एकटी फोनवाली ताई. अशा माणसांसाठी डॉक्टर, व्यायामाचे सर, घरचे, कामाची जागा या सगळ्यांची मोट बांधायची, आणि तीही वर्षानुवर्षं, हे तिचं काम. फोन कायम कानाला, म्हणून हे नाव.

पेंटरला निदान चहा तरी स्वतःचा स्वतः करता यावा, म्हणून घरच्यांनी जिवाचं रान केलं. सकाळी बायको शिकवायची, दुपारी त्याची थोरली बहीण, संध्याकाळी सर. आणि पेंटर माझ्यासमोर दिवसेंदिवस जास्तच गोंधळून उभा राहायचा. एकदा त्याने मला तशीच रिकामी गॅसवर ठेवली आणि बघत राहिला. माझं बूड जळलं, घरभर धूर झाला.

ताई आली तेव्हा बहीण म्हणाली, "मी तर हात टेकले. उद्या घर पेटवेल हा. हिला नोकरीवर परत जायचंय, मग याच्याकडे बघणार कोण? एखाद्या संस्थेत ठेवू या. तिथे दिवसरात्र माणसं असतात."

बायको पदराशी चाळा करत होती. पेंटर दारातच होता. त्याने सगळं ऐकलं. मला फार वाईट वाटलं.

ताई म्हणाली, "ते बघू. आधी सरांना बोलवा आणि मला चहा पाजा. तिघांनीही, यांना शिकवता तस्साच."

बायकोने आधी साखर घातली आणि मला डाव्या हाताने उचललं, त्याच्या ढिल्या उजव्या हातातून सांडू नये म्हणून. बहिणीने आधी दूध ओतलं. सरांनी आधी पाणी उकळलं आणि मला उजव्याच हाताने धरलं, कारण हाताला व्यायाम हवा. ताईने तिन्ही कप संपवले.

"माणूस एक आणि चहा तीन," ती म्हणाली. "माझंसुद्धा डोकं फिरलं असतं."

 तिघांपैकी कुणाचंच प्रेम खोटं नव्हतं, म्हणून कुणाला ओशाळवाणं झालं, कुणाला हसू आलं. मग ताई पेंटरकडे वळली. "तुम्ही कसा करायचात?"

बहीण उत्तर द्यायला निघाली. ताईने तिला हातानेच थांबवलं. सगळे थांबले. बराच वेळ गेला.

"पावडर," पेंटर म्हणाला. "गार पाण्यात. आधी."

"अगं बाई, तो कामावरचा चहा," बायको म्हणाली. "घरात मी कधी करूच दिला नाही यांना."

"आता द्या," ताई म्हणाली. "सगळ्यांनी तोच करायचा. किटली दोन्ही हातांनी धरायची. आणि मध्ये बोलायचं नाही."

पेंटर शिकला. दिवस लागले, पण शिकला. संस्थेचा विषय मागे पडला. मध्येच एकदा बहिणीने हौसेने नवी चकचकीत किटली आणली आणि मला माळ्यावर टाकलं. झालं, पेंटर पुन्हा ओट्यासमोर थिजला. बहिणीने घाबरून ताईला फोन लावला. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "जुनी काढा." मी खाली आले. पेंटरने माझ्या काळ्या बुडावरून अंगठा फिरवला आणि पावडरीचा डबा उघडला.

आता बायको नोकरीवर जाते. घरात पेंटर आणि मी, शिवाय दिवसातून थोडा वेळ येणारा मदतनीस. नवा मदतनीस आला की ताई त्याला आधी स्वयंपाकघरात उभं करते आणि पेंटरचा चहा बघायला लावते. सर बदलले, मदतनीस बदलले, चहा बदलला नाही. त्या बाईचे उपकार मी कशाने फेडू? ती आली की पहिली धार तिच्याच कपात पडते. मग पेंटर आठवणीने गॅस बंद करतो आणि तिच्याकडे बघतो. ती मान डोलावते.

तुम्ही कधी आलात तर चहा घ्या, थोडा कडवट असतो. तो करत असताना घाई करू नका. आणि हौसेने मला घासायला बसू नका. हा डाग गेला, तर त्याला मी ओळखू येणार नाही.