अर्धा नारळ आणि मागची सीट

गाडीच्या पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला होता आणि सेनगावकडचं अर्धं गोरेगाव श्वास रोखून उभं होतं. नव्या गाडीखाली लिंबू ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक. पण प्रेमदास महाराजांनी लिंबू बोटानं उडवून दिलं होतं.

"लिंबू मोटरसायकलीला! चार चाकाला नारळच पायजे. देवी काय लिंबावर भागवते का?"

देवीच्या खाण्यापिण्याची महाराजांइतकी माहिती गावात दुसऱ्या कुणाला नव्हती.

गाडी उत्तमरावांची. त्यांनी ती चालू केली, भक्तिभावानं डोळे मिटले आणि क्लच सोडला. खालून फटाका फुटावा तसा आवाज झाला. गाडी पुढे गेल्यावर लोकांनी तुकडे गोळा केले, तर अर्धाच नारळ भरला. शेंडीकडचा अर्धा गायब. लाल नाडा बांधला होता, तोही गायब.

"स्वीकारला!" महाराज गरजले. "देवीनं जागच्या जागी स्वीकारला!"

धुरपताबाईंनी टायरला डोकं टेकवलं. उरलेल्या अर्ध्याचं खोबरं प्रसाद म्हणून वाटलं गेलं. गाडीखाली मात्र कुणी वाकून पाहिलं नाही. चमत्कार झाल्यावर त्याच्या खाली डोकावणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी जवळा बाजार या गावाला निघाली. पुढे उत्तमराव आणि त्यांच्या पत्नी मंजुळाबाई, मागे बहीण चांगुणा. नवरा वारल्यावर आखाडा बाळापूरच्या दिरानं तिला घराबाहेर काढलं, तेव्हापासून ती भावाकडे होती. घरचं सगळं काम तिच्याकडे आणि गाडीतली मागची सीटही तिच्याकडे.

निघताच गाडी वाजू लागली. ताशावर काडी फिरवावी तशी खडखड. गाडी सेनगावच्या मेकॅनिकला दाखवली. त्यानं एकट्यानं चालवून पाहिली, तर चिडीचूप. नवरा-बायको दोघंच गेले, तर चिडीचूप. चांगुणा मागे बसली की खडखड!

उत्तमराव महाराजांकडे गेले. महाराजांनी विचारलं, "नव्या गाडीत मागं पयलं कोण बसलं?"

"आमची चांगुणा."

"म्हंजे विधवा बाई." महाराजांनी डोळे अर्धे मिटले. "तिचा नवरा संगं बसून येऊन राहिला, उत्तमराव. ही त्याच्या हाडांची खडखड हाय. आज गाडीत बसला, उद्या घरात बसंल. बाईला बाळापूरला पोचवा."

त्या दिवसापासून मागच्या सीटवर कुणी बसेना. सेनगावला जाणारी मंडळी रिकामी गाडी सोडून जीपच्या मागे लोंबकळत जाऊ लागली. आणि मागे कुणी बसतच नसल्यामुळे महाराजांचं म्हणणं रोजच्या रोज खरं ठरू लागलं.

चांगुणाला पाठवायचं ठरलं. सकाळी दारात गाठोडं आलं. गाडीत पुन्हा भूत शिरू नये म्हणून महाराज 'बंधन' घालायला आले आणि त्यांच्यामागून गावही आलं. चांगुणा पायरीवर बसली होती. एकदाच म्हणाली, "दादा, दीर दारात उभं करणार न्हाई, हे तुला माहीत हाय ना?" उत्तमराव आरसा पुसत राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

तेवढ्यात शाळेतल्या विज्ञानाच्या ज्योतीबाई तिथं आल्या. गाठोडं पाहून थांबल्या.

"कुठं चालल्या चांगुणाताई?"

मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "म्याडम, वन्सं बसल्या की गाडी वाजती."

"दुसरं कुणी मागं बसल्यावर?"

"दुसरं कुणी बसतंच न्हाई ना!"

"काहून?"

"वाजती म्हणून."

ज्योतीबाईंनी हे उत्तर दोनदा मनात फिरवलं असावं. मग म्हणाल्या, "महाराज, तुमी बसा. तुमाला तर भूत घाबरतं."

गर्दीत हसू पसरलं. महाराजांनी आज मौन असल्याची खूण केली.

"आत्ता तर बोलत होता," भिकाबाई म्हणाल्या. "बसा की महाराज, आमाला बी बघू द्या."

सगळं गाव बघत होतं. महाराज मागच्या सीटवर बसले. सीट चांगलीच दबली. उत्तमरावांनी इंजिन चालू केलं.

खडखडखडखड!

"अगं बाई! महाराजाला बी धरलं!" धुरपताबाई किंचाळल्या.

"उतरा महाराज," ज्योतीबाई म्हणाल्या. महाराज उतरले. आवाज बंद. "भिकाबाई, तुमी बसा." खडखड. उतरल्या, बंद. मग सोयाबीनचं पोतं ठेवलं. खडखड.

"आता या पोत्याचा नवरा कोण होता, ते महाराजांना विचारा," ज्योतीबाई म्हणाल्या. "उत्तमराव, इंजिन बंद करा. गार झालं की गाडी वर घ्या आणि जरा खाली बघा."

चाकांना दगड लावले, जॅकनं गाडी उचलली. उत्तमराव नव्या पांढऱ्या सदऱ्यानिशी खाली शिरले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा हात काळेकुट्ट होते आणि हातात करवंटीचा तुकडा होता. एका कडेला लाल नाडा, अर्धा जळालेला.

नाडा सगळ्यांनीच ओळखला.

"चाकानं नारळ फोडला आणि अर्धा वर उडाला," ज्योतीबाई म्हणाल्या. "सायलेन्सरच्या नळीवरचा पत्रा त्यानं वाकवला, आणि हा तुकडा पत्रा अन् नळीच्या मधे अडकला. मागं वजन पडलं की गाडी दबती, करवंटी घट्ट भिडती अन् इंजिनाच्या थरथरीनं वाजती. वजन कुणाचं हाय, ते तिला कळत न्हाई."

महाराज म्हणाले, "देवीनं प्रसाद परत केला..."

"महाराज," मंजुळाबाई म्हणाल्या, "घरी जा." मंजुळाबाईंना एवढ्या थंड आवाजात बोलताना गावानं कधी ऐकलं नव्हतं.

प्रसादाचं खोबरं ज्यांनी खाल्लं होतं ते आपापल्या चपला न्याहाळू लागले. म्हणजे सगळेच. धुरपताबाईंनी कपाळावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

चांगुणा उठली. करवंटीकडे तिनं पाहिलं नाही. भावाकडे पाहिलं.

"दादा, गाडीची चौकशी सेनगावपर्यंत केलीस. मला एकदा बी विचारलं न्हाईस." मग गाठोड्याकडे बोट दाखवलं. "आता हे उघडू, का असंच बांधलेलं राहू देऊ? पुन्यांदा काही वाजलं तर?"

उत्तमराव पायरीशी खाली बसले आणि स्वतःच गाठ सोडू लागले. काळे हात पुसायचं त्यांना सुचलं नाही. गाठोड्यातल्या चांगुणाच्या धुतलेल्या लुगड्यावर पाचही बोटं उमटली. तिनं नंतर ते लुगडं बरेचदा धुतलं, पण डाग गेले नाहीत. उत्तमराव ते लुगडं दोरीवर वाळत पडलेलं दिसलं की अजून दुसऱ्या वाटेनं घरात शिरतात.

गाडी आता वाजत नाही. पण गाड्या पुढेही वाजतील, घरात भांडी पडतील, पिकावर रोग येईल, लेकरू तापेल. तेव्हा एवढंच करा, खाली वाका आणि बघा. वाकायला गुडघे दुखतात, कपडे मळतात, हे मान्य. माणसाकडे बोट दाखवायला काहीच दुखत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते बोट उचलण्याआधी थांबायला हवं.