विसावा कोरा कागद

पोलीस ठाण्याच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची टपरी होती आणि त्या टपरीत एक शिंपी बसायचा. ठाण्यातल्या निम्म्या वर्द्या त्यानेच ढिल्या केलेल्या. ठाण्यात बदलून आलेला माणूस वर्षभरात पोटाने वाढतो, हे त्याने सतरा वर्षं टेप लावून पाहिलं होतं. सगळे त्याला मामा म्हणत. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि असल्या माणसांचीच सरकारला फार गरज असते बरं का.

कारण पंचनाम्याला पंच लागतात. कुणाच्या घरात चोरीचा माल सापडला, हत्यार सापडलं, की दोन त्रयस्थ माणसांनी ते डोळ्यांनी बघून कागदावर सही करायची, असा कायदा आहे. कायदा चांगलाच आहे. पण त्रयस्थ माणूस आपला कामधंदा सोडून कशाला येईल? सुरुवातीला हवालदार मामालाच मशीनवरून उठवून न्यायचा. अर्धा दिवस जायचा, गिऱ्हाईक शिव्या घालायचं. शेवटी हवालदारानेच तोड काढली. "मामा, दर एक तारखेला दहा कागदांवर खाली सही करून ठेवत जा. वरचं आम्ही भरतो. तुमचाही वेळ वाचला, आमचाही."

मामाने सह्या केल्या. कुणी काही दिलं नाही, कुणी काही घेतलं नाही. फक्त अतिक्रमण हटवणारी गाडी रस्ताभर टपऱ्या उचलत यायची, ती मामाच्या टपरीपाशी आली की तिला एकाएकी दिसेनासं व्हायचं. आता याला भ्रष्टाचार म्हणायचं तर बोट कुठे ठेवाल? मामाही स्वतःला हेच सांगायचा. अधूनमधून कोर्टात जायचं, "मी समक्ष पाहिलं, वाचलं आणि सही केली" एवढं म्हणायचं आणि जेवायच्या वेळेला परत मशीनवर. असं एकोणीस वेळा झालं. कोर्टातला शिपाईसुद्धा त्याला बघून मान हलवायचा.

मामाला एकच मुलगी. आई लवकर गेली, तेव्हा ही पोर मशीनच्या पायाशी चिंध्यांशी खेळत मोठी झाली. पुढे तिने लग्न केलं ते नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यातल्या वायरमनशी. जावई लाखात एक, पण नसती उठाठेव करायची खोड. कुणाचा फ्यूज उडाला, हा हजर. कुणाचं भांडण जुंपलं, हा मध्ये.

त्या वर्षी नगरपालिकेच्या ठेकेदाराने दोन गल्ल्यांमधून नवीन गटार बांधलं. सिमेंट म्हणाल तर नावाला. महिन्याभरात ते खचलं आणि वरच्या गल्लीची घाण खालच्या गल्लीच्या घरांत शिरली. खालचे म्हणाले, वरच्यांनी मुद्दाम सोडली. दगड उडाले, चार डोकी फुटली. पोलीस यायचे, दोन्हीकडची दोन-दोन पोरं उचलायचे, जायचे. ठेकेदार खूश, त्याचं बिल पास करणारे खूश. जावयाने मात्र दोन्ही गल्ल्यांतली चार-चार जाणती माणसं शाळेच्या बाकांवर आणून बसवली. मग सगळ्यांना गटारापाशी नेलं आणि खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरने कडेचा गिलावा खरवडून दाखवला. आत नुसती वाळू. त्याच संध्याकाळी दोन्ही गल्ल्यांनी मिळून अर्ज केला, हे काम पास कुणी केलं ते सांगा. गल्ल्या भांडत होत्या तोवर वरती सगळं शांत होतं. गल्ल्या एक झाल्या आणि ठाण्याच्या साहेबांच्या मते शांतता धोक्यात आली.

आठ दिवसांनी सकाळीच जावयाच्या घरावर धाड पडली. पलंगाखाली चार कोयते आणि पेट्रोलच्या सहा बाटल्या सापडल्या म्हणे. मामा टपरी उघडायला आला तर मुलगी ठाण्याच्या फाटकाशी उभी, पायात चप्पल नाही. "रडू नकोस," मामा म्हणाला. "सतरा वर्षं इथे बसतोय, माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

तो आत गेला. हवालदार त्याच्याकडे बघेना.

"मामा, घोळ झालाय," हवालदार हळूच म्हणाला. "साहेबांची घाई होती. नेहमीसारखा ढिगातला वरचा कागद ओढला आणि लिहीत सुटलो. कागद कोर्टात गेला, मग लक्षात आलं."

"काय लक्षात आलं?"

"पहिला पंच कोण ते."

ढिगातल्या प्रत्येक कागदावर पहिला पंच मामाच होता, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. इतकी वर्षं त्याने सह्या केल्या आणि वरती कुणाकुणाची घरं लिहिली गेली, हे एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारायची गरजच उरली नाही.

साहेबांना आधी राग आला, मग हसू. "अहो, उलट बरंच झालं. सासराच म्हणतोय म्हटल्यावर कोर्टाला आणखी काय पाहिजे?" मग खुर्ची पुढे ओढून ते अगदी मायेने म्हणाले, "मामा, साक्ष फिरवायचा विचार करू नका. टपरी जाईल ते सोडा. आधीच्या एकोणीस वेळा शपथेवर काय सांगितलंय, ते आठवून बघा."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मामाने ती दोन्ही स्वतःच्याच हाताने खणलेली.

वकिलाने मुलीला पंचनाम्याची नक्कल दिली. ती ओळीने वाचत खाली आली आणि सहीपाशी थांबली. लहानपणी पाटीवर तिने पहिलं काही गिरवलं असेल तर ती सही. शेवटच्या अक्षराची शेपटी दोऱ्यासारखी लांब ओढलेली. तिने नक्कल मशीनवर ठेवली आणि निघून गेली. त्यानंतर पाच महिने ती बापाशी बोलली नाही. दुपारचा डबा मात्र चुकला नाही. यायची, डबा ठेवायची, कालचा रिकामा न्यायची. चार शिव्या दिल्या असत्या तर मामाला बरं वाटलं असतं.

साक्षीच्या दिवशी मामा पांढरा शर्ट घालून पिंजऱ्यात उभा राहिला. जावई समोर, दोन शिपायांच्या मध्ये. पाच महिन्यांत इतका वाळला होता की शर्ट खांद्यावरून उतरत होता. दोन इंच आत घ्यावा लागेल, असं मामाच्या मनात आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. मुलगी मागच्या बाकावर बसली होती.

सरकारी वकिलाने कागद पुढे केला. "ही सही तुमची?"

"माझी."

"मजकूर वाचून केलीत?"

मामाने एकदा साहेबांकडे पाहिलं. "नाही. मी सही केली तेव्हा कागद कोरा होता. त्या घरात मी गेलोच नव्हतो."

साहेबांनी मान खाली घातली. सरकारी वकील मात्र जराही गडबडला नाही. त्याने फाइलींचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "महाराज, हेच साक्षीदार याच कोर्टात एकोणीस वेळा शपथेवर म्हणाले आहेत की मी वाचून सही केली. आज आरोपी जावई आहे, म्हणून कागद कोरा."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. ते मामाला चांगलं ओळखत होते. त्याच्या शब्दावर त्यांनी माणसं तुरुंगात पाठवली होती. "नीट विचार करून सांगा. ते एकोणीस कागद कसे होते?"

मामाला सगळं स्वच्छ दिसलं. ते भरलेले होते म्हणावं, तर जावयासाठी आज खोटं बोलतोय असंच ठरणार. कोरे होते म्हणावं, तर शपथेवर खोटं बोलल्याबद्दल आपण आत. विसावा कोरा ठरवायचा तर एकोणीसही कोरे ठरवावे लागत होते. आणि त्या एकोणीस घरांत पलंगाखाली खरंच काय होतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"कोरे होते," तो म्हणाला. "सगळे."

न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले. जावयाच्या जामिनावर सोमवारी निर्णय, आणि खोटी साक्ष दिल्याबद्दल या साक्षीदाराला ताब्यात घ्या, असं त्यांनी सांगितलं. जावयाला पुन्हा गाडीकडे नेलं. जाताना त्याने मामाकडे वळून पाहिलं, पण त्या नजरेत काय होतं हे मामाला धड कळलं नाही.

बाजूच्या खोलीत हवालदाराने मामाला बाकावर बसवलं. अटक करायची तर अंगझडतीचा पंचनामा आलाच. हवालदाराने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. कोरा. खाली सही. मामाने ती ओळखली. शेजारच्या टपरीत किल्ल्या करणाऱ्याची.

"त्याला केव्हा धरलंत?" मामाने विचारलं.

"तुमच्यावर भरवसा राहिला नाही ना आता," हवालदार ओशाळून म्हणाला. "या एक तारखेपासून. खिशात काय आहे ते काढा. मी मग सावकाश लिहितो."

दार ढकलून मुलगी आत आली. तिच्या हातात डबा होता. तिने कागद पाहिला, सही पाहिली, वरची रिकामी जागा पाहिली. मग बाक ओढून ती बापाच्या शेजारी बसली.

"आत्ता लिहा," ती हवालदाराला म्हणाली. "मी बसलेय."

हवालदाराने पेन उघडलं. मामा एकेक वस्तू टेबलावर ठेवत गेला. मोजायची टेप एक. खडूचा तुकडा एक. अंगुस्तान एक. टपरीची किल्ली एक. लिहून झाल्यावर हवालदाराने कागद त्याच्याकडे सरकवला आणि मामाने आयुष्यातला पहिला पंचनामा वाचला. सगळं खरं होतं. फक्त ते समक्ष पाहिलं म्हणणारा किल्लीवाला त्या वेळी दीड मैलावर, आपल्या टपरीत बसून कानस घासत होता.

"आता यावर काय करायचं, बाबा?" मुलीने विचारलं.

पाच महिन्यांनी ती त्याच्याशी बोलली होती. मामाने कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.