एकेचाळिसावी पट्टी

आमच्या ओबरग्रुंड गावची माणसं खोटं बोलतात याचं मला कधी दुःख झालं नाही. ती इतकं भिकार खोटं बोलतात, याचा मात्र जन्मभर राग आहे. चाळीस वर्षं मी या गावात खिडक्यांना काचा बसवल्या. काच कशाने फुटली असं विचारलं की प्रत्येक जण वाऱ्याचं नाव सांगायचा. बायकोने नवऱ्याला फेकून मारलेला बूट अंगणात पडलेला असायचा, तरी वाराच.

म्हणून जमिनीतली उष्णता काढणाऱ्या कंपनीच्या साहेबाने, मोसिय देलोनेने, बोलावून ‘गावातल्या भेगांवर लक्ष ठेवायचं काम तुम्ही घ्या’ म्हटलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. द्राक्षमळ्यांपलीकडे कंपनीने साडेचार किलोमीटर खोल विहीर खणली होती. तळाशी तापलेला ग्रॅनाइट. त्यात दाबाने पाणी घुसवायचं, खडकाच्या मिटलेल्या फटी उघडायच्या, मग पाणी त्या फटींतून फिरून कढत होऊन वर येणार आणि शाळेपासून कागदाच्या कारखान्यापर्यंत सगळं गाव उबेत बसणार. फटी उघडताना जमीन थोडी थरथरते. म्हणून आधी प्रत्येक घरातल्या एका जुन्या भेगेवर मी काचेची पट्टी आडवी लावली. वीतभर लांब, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की. भिंत हलली तर पट्टी तुटते, इतकं साधं काम.

देलोने पॅरिसचा. ग्रॅनाइटबद्दल असा बोलायचा, जणू तो त्याच्या सासऱ्याच्या मालकीचा आहे. “खडक आपलं ऐकतो,” असं त्याने भर गावसभेत सांगितलं, आणि आमच्या शहाण्यांनी टाळ्या वाजवल्या. शिवाय त्याने जाहीर केलं, की ज्याची पट्टी तुटेल त्याच्या घराला कंपनी नवं प्लास्टर आणि रंग करून देईल. हे ऐकल्यावर टाळ्या जास्तच जोरात झाल्या. पुढे काय होणार ते मला तिथेच कळलं.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा पाणी दाबलं. चार दिवस कपाटातल्या बशा किणकिणल्या, बस्स. पाचव्या दिवशी गावभर बोंब, आमची पट्टी फुटली!

मी वही घेऊन निघालो. भिंत हलते तेव्हा काच भेगेच्या बरोबर वर, एका सरळ रेषेत तुटते. हातोडी मारली तर मध्ये चांदणी उमटते आणि भोवती भुगा पडतो. चाळीस घरांत मी चाळीस चांदण्या मोजल्या. बाल्त्सर म्हातारीने तर बत्ता वापरला होता, त्याला लागलेली दालचिनी काचेवर तशीच. गावचा सुतार शार्ल हुम्मेल याच्याकडे भिंतीच्या प्लास्टरवर हातोडीचं गोल तोंड छापल्यासारखं दिसत होतं.

“पहाटे काय हादरा बसला म्हणून सांगू, थियो!” शार्ल म्हणाला. “मी पलंगावरून खाली.”

“आणि हातोडी भिंतीवर?”

“कसली हातोडी? माझ्याकडे हातोडीच नाही.”

“तू सुतार आहेस, शार्ल.”

“बरं मग?”

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला किळस आली. खोटं बोलायला माझी ना नाही, पण समोरच्याला अक्कल आहे एवढं तरी धरून चालावं.

एक घर उरलं होतं, चढावरच्या टोकाचं. माझ्या थोरल्या बहिणीचं, सालोमेचं. माझे पाय दुखत होते. शिवाय बहीण झाली तरी ती ओबरग्रुंडचीच. मी देलोनेच्या ऑफिसात बसलो, त्याची कॉफी प्यायलो आणि अहवालात लिहिलं, ‘एकेचाळीसच्या एकेचाळीस पट्ट्या बाहेरून मारून फोडलेल्या. एकही भिंत हललेली नाही.’ खाली झोकात सही ठोकली.

“वा!” देलोने म्हणाला. “म्हणजे दुसरी फेरी पुढच्या गुरुवारी. या वेळी दुप्पट दाब.”

तिथून सालोमेकडे गेलो ते केवळ तिच्या रुबार्ब घातलेल्या आंबटगोड टार्टसाठी. तिचे गुडघे गेलेत, त्यामुळे ती खालीच, धुराड्याच्या भिंतीला लागून पलंग टाकून झोपते. पट्टी त्याच भिंतीवर होती. मी टार्टचा तुकडा तोंडात घातला, सहज वर पाहिलं आणि चावायचा थांबलो.

पट्टी सरळ रेषेत तुटली होती. चांदणी नाही, भुगा नाही. मी नख फिरवलं. दोन तुकड्यांमध्ये तांदळाचा दाणा बसेल एवढी फट. वर धुराड्याच्या विटा पलंगाच्या बाजूला कलल्या होत्या. अजून एक धक्का, तोही दुप्पट जोराचा, आणि सगळं धुराडं तिच्या उशीवर आलं असतं.

“कधी तुटली?”

“तिसऱ्या दिवशी, दुपारी. बटाटे सोलत होते. टिक् वाजलं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू येणारच होतास ना बघायला,” सालोमे म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला आमच्याकडे झोपायला चल म्हटलं, तर म्हणाली, “बापाचं घर मी विटांच्या भीतीने सोडणार नाही. तू तुझ्या साहेबाला सांग.”

सकाळी साहेबाला सांगितलं. देलोने आधी हसला.

“चाळीस घरं खोटी, आणि एकच खरं, ते नेमकं बहिणीचं?”

“मी ते न बघताच सही केली होती.”

“म्हणजे तुम्ही खोटा अहवाल दिलात, मोसिय क्लिप्फेल.”

कोरे बूट घालणाऱ्या त्या माणसाने मला हे ऐकवलं आणि मला तोंड वर करता आलं नाही. माझ्या सहीवर आता भरवसा नाही म्हणत त्याने माझा अहवाल बाजूला टाकला आणि स्ट्रासबुर्गहून तपासनीस बोलावली. मादाम रेशर नाव, हातात भिंग, चेहऱ्यावर माझ्यासारखाच भाव. तो भाव बाहेरून कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला मुळीच आवडला नाही.

तिने सालोमेची भिंत बघितली, मग मला बघितलं. “पट्टी तुम्ही लावली. तुटली हे तुम्हीच सांगता. बाई तुमच्या बहीण. काचा कशा तुटतात हे या गावात तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. मी ही पट्टी पुरावा म्हणून धरू शकत नाही.”

“विटा कलल्यात, त्या तरी बघा!”

“जुन्या घरांत विटा कलतातच.” तिने स्वतःच्या हाताने नवी पट्टी लावली, त्यावर तारीख कोरली. गुरुवारी आधी कमी दाब द्यायचा, संध्याकाळी सहाला ती येऊन बघणार. पट्टी खरोखर तुटली असेल तर काम बंद. शाबूत असेल तर शुक्रवारी दुप्पट दाब.

माझ्याकडे दोन दिवस होते. गावाने आपापल्या हातोड्या कबूल केल्या असत्या, तर सालोमेची एकटीची पट्टी वेगळी उठून दिसली असती. मी दारोदार फिरलो. बाल्त्सर म्हातारीने बहिरेपणाचं सोंग घेतलं. शार्ल मला समजावत बसला.

“सालोमेबद्दल वाईट वाटतं रे. पण माझी पट्टी खरंच हादऱ्याने तुटली, त्याला मी काय करू?”

“तिचा जीव जाईल, शार्ल.”

“तर तिला आमच्याकडे झोपायला पाठव. रंग लागला की खोली छान होणार आहे.”

त्याचं थोबाड फोडावं असं वाटलं. पण गुरुवार उजाडला होता आणि पंप सुरू झाला होता.

दुपारी तीनपर्यंत मी सालोमेच्या पलंगावर बसून त्या पट्टीकडे बघत होतो. बहिणीच्या घराची भिंत फाटावी म्हणून मी देवाची करुणा भाकत होतो, आणि पट्टी ढिम्म. शेवटी खिशातून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची सुरी काढली. काच चौकटीत बसवताना वापरतो ती, कागदासारखी पातळ.

सालोमेने सुरी पाहिली.

“नको करूस, थियो. ती खरोखर तुटली होती.”

“म्हणूनच करतोय.”

तिने बटाट्यांची टोपली घेतली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी सुरीचं पातं पट्टीच्या मागून भेगेत सरकवलं आणि मनगट किंचित पिळलं. टिक्. सरळ, स्वच्छ रेषा, भेगेच्या बरोबर वर.

सहाला मादाम रेशर आली. भिंग लावून पाच मिनिटं बघत राहिली. नख फिरवलं, अगदी माझ्यासारखं.

“कधी तुटली?” तिने सालोमेला विचारलं.

“दुपारी,” सालोमे म्हणाली. “बटाटे सोलत होते. टिक् वाजलं.”

बहात्तर वर्षांत माझ्या बहिणीने बोललेलं ते पहिलं खोटं, आणि गावात कुणाला जमलं नाही इतकं चांगलं बोलली. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही. त्यानंतर आजपर्यंत टार्टलाही बोलावलेलं नाही.

मादामने लिहिलं, ‘भिंतीत हालचाल. काम त्वरित थांबवावे.’ सातला पंप बंद झाला. देलोने फोनवर कोणावर तरी ओरडताना ऐकू येत होता. खडकाने त्याचं ऐकलं होतं की नाही, हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी पेयगृहात गेलो तर सगळे चाळीस घरवाले उठून उभे राहिले. एक भिंत हलल्याचं कागदावर आलं, म्हणजे आता सगळ्यांनाच प्लास्टर आणि रंग मिळणार, असं त्यांनी धरलं होतं. चाळीस वर्षांत माझ्यासाठी कोणी खुर्ची ओढली नव्हती. शार्लने रीसलिंग वाइन ओतली, खांद्यावर हात टाकला, आणि कानाशी तोंड आणून विचारलं, “पातळ सुरी ना? पुढच्या वेळी आम्हालापण शिकव.”

मी त्याचा हात झटकला. “शार्ल, तिची भिंत खरोखर हलली होती.”

“हो रे,” शार्ल प्रेमाने म्हणाला. “माझीपण.”