कोपरापर्यंतचं आयुष्य

फरशीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फरश्या घासून घासून त्याच्या तळहातावरच्या रेषा पार पुसून गेल्या होत्या, आणि संध्याकाळी नेमका तोच तळहात मावशीपुढे धरायचा होता.

मावशी म्हणजे त्याच्या लाडक्या शिवणवालीची. आईबापामागे भाचीला तिनंच वाढवलेलं. हात बघण्यात ती पटाईत, आणि स्वतःचा नवरा ऐन तारुण्यात गेल्यापासून तिची एकच अट होती: जावयाची आयुष्यरेषा लांबलचक हवी. आखूड रेषेच्या दोघांना तिनं चहा पाजून वाटेला लावलं होतं. याच्याकडे तर रेषाच नव्हती.

शिवणवालीनं कापडावर खुणा करायचं पेन उचललं आणि त्याच्या तळहातावर ठसठशीत आयुष्यरेषा ओढली. मग हृदयरेषा, मस्तकरेषा, आणि हौसेनं दोन मुलंही. गुदगुल्यांनी तो खिदळत सुटला, त्यात धाकटं जरा वाकडं आलं. घाईत बयेच्या एवढंही ध्यानात राहिलं नाही की या पेनाच्या खुणा इस्त्रीची धग लागताच गायब होतात, म्हणून तर ती ते वापरते.

मावशीनं हात पाहिला आणि तिची कळी खुलली. नव्वदी ओलांडणार म्हणाली, आणि खुशीत वाफाळता चहा घेऊन आली. सुटलो बुवा, असं मनाशी म्हणत यानं ग्लास त्याच तळहातात घट्ट धरून संपवला. घट्टे पडलेल्या हाताला चटका कसला बसतोय!

मुलं किती ते बघायला मावशीनं पुन्हा हात ओढला. मुलं नव्हती. नव्वदीही नव्हती. तळहात धुतल्या फरशीसारखा लख्ख होता.

मावशीनं चष्मा पुसून पाहिला, मग याचा हातही पुसून पाहिला. शिवणवालीला हसू आवरेना आणि रडूही.

"मावशी, रेषा मी काढल्या होत्या," ती म्हणाली. "किती जगेल ते माहीत नाही. पण मला हाच हवाय."

मावशीनं चष्मा काढून ठेवला. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि बघता बघता तिघंही पोट धरून हसत होती.

"आण ते पेन," मावशी डोळे पुसत म्हणाली. तिनं याची बाही वर सारली आणि अंगठ्यापासून रेघ ओढली ती मनगट ओलांडून थेट कोपरापर्यंत नेली. "इतकी आखूड काढतात का गं, वेडे?"

मावशीकडचा चहा तो अजूनही डाव्या हातानं, पार गार करून पितो.