रिंगमध्ये राहिलेलं स्टूल

मित्रांनो, बॉक्सिंगच्या रिंगच्या कोपऱ्यात दोन फेऱ्यांच्या मध्ये खेळाडू मिनिटभर ज्यावर टेकतो ना, तेच मी. एक जुनं, बुटकं स्टूल. टीव्हीवर तुम्ही मला पाहिलंही असेल, पण लक्ष दिलं नसेल. लोक बसणाऱ्याकडे बघतात आणि त्यात काही चूक नाही. एक मात्र आधीच सांगून टाकतो. माझ्याकडून रडण्याबिडण्याची अपेक्षा ठेवू नका. घाम, पाणी, रक्त, थुंकी सगळं अंगावर घेऊन मी बधिर झालोय. जे झालं ते सांगतो, एवढंच.

मी मेपलच्या लाकडाचा. उत्तर फिलाडेल्फियात आमच्या वस्तीतलं बोलिंगचं, म्हणजे चेंडूने बाटल्या पाडायच्या खेळाचं, दालन बंद पडलं, तेव्हा तिथल्या जमिनीच्या फळ्या ज्याला हव्या त्याने उचलून नेल्या. ऑथा टिलमन यांनी दोन फळ्या खांद्यावर घेतल्या आणि स्वतःच ठोकून मला तयार केलं. दिवसा शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी टायरच्या दुकानाच्या माडीवर पोरांना बॉक्सिंग शिकवायचं, हा त्यांचा दिवस. सगळे त्यांना पॉप म्हणायचे. सुतारकाम त्यांना येत नव्हतं, त्यामुळे माझा एक पाय आखूड राहिला. त्यांनी त्याला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकला आणि म्हणाले, "चालतंय की." आणि चाललं.

पॉपची तालीम म्हणजे शिस्त. जमिनीवर खडूची रेघ. नव्या पोराचे दोन्ही घोटे मध्ये थोडं अंतर सोडून बुटाच्या नाडीने बांधायचे, म्हणजे पाय फाकत नाहीत आणि एकमेकांत अडकतही नाहीत. तसं रेघेवरून पुढे मागे, पुढे मागे. डावा हात गालाशी, हनुवटी खांद्यात. ठोसा मारायची परवानगी मिळेपर्यंत निम्मी पोरं पळून जायची. उरलेली मात्र अशी उभी राहायची की बघत राहावं.

लवेल पर्डी आला तो बहिणीने हाताला धरून आणला म्हणून. जोनेटा त्याच्याहून मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. पोरगा मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या वाहायचा आणि संध्याकाळी रस्त्यावर मारामाऱ्या करायचा. ती पॉपना म्हणाली, "मारामारी करायचीच आहे तर निदान छपराखाली करू दे."

पॉपनी त्याचे घोटे बांधले. त्याने आठवडाभर सहन केलं आणि मग नाडी तोडून टाकली.

"डावा हात वर घे," पॉप म्हणाले.

"कशाला पॉप? ठोसा येताना मला दिसतो ना."

"आज दिसतोय."

"उद्यापण दिसेल. तुम्हाला दिसत नसेल म्हणून तुम्ही हात वर घ्यायचात!"

सगळी तालीम फिदीफिदी हसली. पॉप हसले नाहीत. पण त्यांनी त्याला हाकललंही नाही, कारण पोरगा खरं बोलत होता. त्याला दिसायचं. हात कमरेशी, हनुवटी उघडी, आणि समोरच्याचा ठोसा नाकाजवळ येईपर्यंत हा मजेत उभा. मग मान अशी काही काढून घ्यायचा की मारणारा स्वतःच पुढे धडपडायचा.

आमच्या शहराची एक खोड आहे. दुसरीकडे म्हणे सरावात हात आवरून मारतात. आमच्याकडे शनिवारी सकाळी सरावाच्या नावाखाली खरीखुरी लढाई व्हायची. ती बघायला ऑगी न्हावी दुकान बंद करून यायचा. हाच ऑगी लढतींच्या वेळी आमच्या कोपऱ्यात पाण्याची बादली धरायचा. मोहरीची चटणी लावलेले खारे प्रेट्झेल पाव खात लोक भिंतींना टेकून उभे राहायचे आणि ओरडायचे. अशाच एका शनिवारी दुसऱ्या तालमीचा रॉस्को आला. अगदी घोटून तयार झालेला बॉक्सर, कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्याने लवेलला कोपऱ्यात कोंडलं. लवेलचा तोल गेला होता, एक पाय हवेत होता. आणि तशा अवस्थेत त्याने खालून कुठून तरी असा उजवा हात काढला की रॉस्को बसलाच.

"काय पॉप," ऑगी ओरडला, "हा तुमच्या कितव्या धड्यात होता हो?"

"कुठल्याच नाही," पॉप म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. खरं सांगतो, तो ठोसा सुंदर होता. मी लाकूड असून सांगतो.

तेव्हापासून लवेल म्हणजे वस्तीचा लाडका झाला. आणि तेव्हापासूनच माझे वाईट दिवस सुरू झाले. फेरी संपली की पॉप मला दोरांखालून आत सरकवायचे आणि हा पायाने मला बाजूला सारायचा. "स्टूल आजोबांना द्या!" म्हणायचा आणि मिनिटभर उभाच राहायचा, समोरच्या कोपऱ्यातल्या दमलेल्या माणसाकडे बघत. लोक टाळ्या वाजवायचे. बघता बघता आमच्या तालमीत कुणीच बसेना. ती आमची शान झाली. पाय थरथरले तरी चालतील, पण टेकायचं नाही. पॉप सांगून थकले, की अरे, ते मिनिट फुकटचं मिळतं, घ्या की. कोण ऐकतो? मी खिडकी उघडी राहावी म्हणून तिच्या फटीत अडकवलेला असायचो. पावसाचं पाणी पिऊन माझी एक बाजू फुगली.

वर्षं गेली. लवेलने तिशी ओलांडली. त्याला ठोसे अजून दिसत होते, पण जरा उशिरा. मान निघायच्या आत लागायचे. शनिवारी आलेले लोक म्हणायचे, आज पोराचा मूड नाही. पॉप म्हणायचे, "डावा हात." तो म्हणायचा, "पॉप, आता पुरे." त्या हातावरून दोघं इतकी वर्षं भांडले, की तालमीत कुणी ऐकतही नसे.

मग ती लढत ठरली. ॲटलांटिक सिटीला, टीव्हीवर. जिंकणाऱ्याला विजेतेपदाची लढत मिळणार होती. लवेल आयुष्यभर तेवढ्याचसाठी थांबला होता. लढतीच्या आठवड्यात जोनेटा तालमीत आली. दर शुक्रवारी ती तळलेल्या माशाचं सँडविच पॉपसाठी आणायची. त्या दिवशी तिने ते कागदात तसंच हातात धरून ठेवलं.

"पॉप, त्याची जीभ जड झालीय. परवा फोनवर बोलला तर मला वाटलं प्यायलाय. प्यायला नव्हता. माझं नाव घेताना अडखळला हो. माझं नाव!"

"मी त्याला सांगतो, डावा हात नीट..."

"डाव्या हाताचं राहू द्या! तुम्ही दोघं त्या हातावरून भांडत बसलात आणि माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत गेला. हरला तरी चालेल मला. बोलता येईल असा परत आणा. शब्द द्या."

पॉपनी हात टॉवेलला पुसले. मग म्हणाले, "जसा नेतोय, तसा परत आणीन." तेव्हा कुठे तिने सँडविच त्यांच्या हातात दिलं.

शनिवारी दुपारी हॉटेलच्या मोठ्या दालनात लढत सुरू झाली. दहा फेऱ्यांची. समोर ओहायोचा डेल कोवाच. कंटाळवाणा पोरगा. डावा हात गालाशी, हनुवटी खांद्यात, पायांत नेमकं अंतर. पॉपनीच घडवलाय असं वाटावं. पहिल्या काही फेऱ्या लवेलने त्याला अक्षरशः नाचवला. लोक हसत होते. कोवाच हसला नाही, चिडलाही नाही. तो डावा हात सरळ काढत राहिला. चुकला तरी काढायचा. हळूहळू चुकेनासा झाला.

सातव्या फेरीनंतर पॉपनी मला नेहमीसारखं आत सरकवलं. मी लाथेची वाट बघत होतो. लवेल माझ्यावर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसला म्हणजे काय, पोतं टाकावं तसा पडला. माझा आखूड पाय करकरला. ऑगीने पॉपकडे पाहिलं आणि पटकन बादलीत तोंड घातलं.

नववी संपली. तो परत माझ्यावर होता. पॉप त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले होते.

"पॉप, माझे हात कुठेत?"

"मांडीवर आहेत, लेका."

"मला जाणवत नाहीत."

"बास करू या, लवेल?"

"वेडे झालात का? जिं... जिंकतोय मी. उठवा फक्त."

"अहो पॉप, खरंच जिंकतोय तो!" ऑगी कानाशी कुजबुजला. "गुणांवर आपण पुढे आहोत. तीन मिनिटांचा प्रश्न आहे. नुसता पळत राहिला तरी झालं!"

आणि ऑगीचं खरं होतं.

शिट्टी झाली. मदतनिसांनी बाहेर पडायची ती शिट्टी. लवेल उठला, आणि मित्रांनो, उठून जसा उभा राहिला तसा तो आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता. डावा हात गालाशी. हनुवटी खांद्यात. दोन पायांत नाडीएवढं अंतर, ना कमी ना जास्त.

"बघा, बघा पॉप!" ऑगीला भरून आलं. "शिकला हो! अखेर शिकला!"

पॉप बघत होते. ज्या गोष्टीसाठी त्यांनी घसा फोडला ती समोर उभी होती. आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कारण लवेल भानावर असता तर तो असा मेला तरी उभा राहिला नसता. नाडी तोडणारा, उलट बोलणारा, हसणारा लवेल आत कुठेच नव्हता. तो गेला होता आणि मागे फक्त आठवडाभराचा तो धडा उरला होता. पॉपनी हळूच हाक मारली, "लवेल?" त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

टॉवेल पॉपच्या खांद्यावर होता. पण आमच्या शहरात कोपऱ्यातून टॉवेल फेकून हार मान्य करणं म्हणजे आपल्या माणसाचं नाक कापणं. पॉपनी तो हातात घेतला, पिळला, परत खांद्यावर टाकला. बादली बाहेर काढली. बाटली बाहेर काढली. स्वतः दोरांखालून खाली उतरले. मला मात्र त्यांनी हात लावला नाही.

रिंगमध्ये स्टूल असलं की फेरी सुरू होत नाही.

"टिलमन, स्टूल," रेफरी म्हणाला.

पॉप उभेच.

"टिलमन! स्टूल बाहेर घे!"

"जड आहे," पॉप म्हणाले.

ऑगी मला ओढायला वाकला, तर पॉपनी त्याचं मनगट धरलं. सगळं दालन ओरडत होतं, शिव्या येत होत्या, कागदी पेले येत होते. रेफरी तावातावाने चालत आला. त्याने पॉपच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग वळून लवेलच्या डोळ्यांत पाहिलं, काहीतरी विचारलं, परत विचारलं. मग त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. लढत संपली.

मला काही वाटत नाही असं मी म्हणालो होतो. त्या वेळी वाटलं. तिथेच खिळे मारल्यासारखं घट्ट राहावंसं वाटलं.

पुढचं थोडक्यात. विजेतेपदाची लढत कोवाचला मिळाली. वस्ती म्हणाली, टिलमनने पोराचं वाटोळं केलं, हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला. शनिवारी कुणी येईना. पोरं दुसऱ्या तालमीत गेली. ऑगीने पॉपचे केस कापायचं बंद केलं. मग पॉप आरशासमोर स्वतःच कापायचे आणि मागून ते वेडेवाकडे दिसायचे. लवेल त्यांच्याशी बोलला नाही. आजतागायत नाही. आमच्या माडीची पायरीसुद्धा तो चढला नाही.

जोनेटाही दिसेनाशी झाली. बऱ्याच महिन्यांनी, एका शुक्रवारी, कागदातलं सँडविच घेऊन आली. रिकामी तालीम बघून दारातच थबकली.

"कसा आहे?" पॉपनी विचारलं.

"मासळी बाजारात जातोय परत. आधी फार अडखळायचा. वाटायचं, आता असाच राहणार हा." तिने सँडविच पुढे केलं. "आज न्याहारीला बसल्यापासून तुम्हाला शिव्या घालतोय. टेबल आवरेपर्यंत घालत होता."

"काय म्हणाला?"

"चर्चला जाणारी बाई आहे मी, पॉप. माझ्या तोंडून नको."

"अडखळला कुठे?"

"एकदाही नाही."

पॉपनी मला पायाने ओढून जवळ घेतलं आणि माझ्यावर बसले. मला घडवलं त्यांनी, पण तोवर कधी बसले नव्हते. "परत सांग," ते म्हणाले. तिने परत सांगितलं. ते मासा खात ऐकत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मित्रांनो, मी उपदेश करणाऱ्यांतला नाही. घोटून घेतलेला डावा हात खरा की जन्मजात डोळा खरा, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही सुंदर असतात, आणि दोन्ही एक दिवस माणसाला सोडून जातात. तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमचं माणूस उठून उभं राहिलं आणि ते तुमच्या हाकेला वळेना, तर लोक काय म्हणतील हे बघू नका. हाताला येईल ते त्याच्या वाटेत ठेवा, स्टूल असलं तरी चालेल. मग ते तुम्हाला शिव्या घालेल. घालू द्या.