चारशे घमेली आणि एक खोल कोपरा

मी एक जुनं घमेलं आहे, मित्रांनो. सध्याचा मुक्काम जमिनीखाली बावीस फूट. दचकलात? दचका! लोकांना दचकवणं हा माझा जन्मभराचा धंदा. कुणाच्या अंगठ्यावर पडायचं, वारा आला की फरशीवर धडामधूम लोळायचं, आणि कुणी किंचाळलं की गोल गोल फिरत हसायचं.

पण एक गोष्ट मी चेष्टेत केली नव्हती. मी कोरा करकरीत होतो तेव्हा या घरामागं एक पडकी विहीर होती. ती बुजवायचं काम घेणारा ठेकेदार भारी चलाख. त्यानं तोंडावर नुसत्या फळ्या टाकल्या आणि माझ्याकडून वर हातभर माती ओतून घेतली.

मजूर म्हणाला, "साहेब, आत पोकळच आहे की!"

"वरून दिसतंय का? मग झालं तर!"

फळ्यांच्या फटीतून थोडी माती खाली गेली. बऱ्याच वेळानं आवाज आला. डुबुक. तो आवाज तीस वर्षं माझ्या पोटात राहिला.

ठेकेदार गेला, मजूर गेला, घराचे मालक बदलले. मी शेडमध्ये गंजत पडलो. विहीर माहीत असलेला मी एकटाच उरलो, आणि मला तोंड नाही, नुसता काठ आहे.

मग नवी माणसं आली. आई आणि तिची सात वर्षांची मुलगी. मुलगी एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आईला मागं हिरवळ हवी होती आणि भिंगरीला कोपऱ्यात झोका. नेमका तोच कोपरा!

माती किती लागेल ते काढायला माळीकाका आले. त्यांनी दोरी धरली, खुंट्या ठोकल्या, मला उचलून पोट तपासलं.

"वीस फूट लांब, पंधरा रुंद, थर अर्ध्या फुटाचा. झालं दीडशे घनफूट. या घमेल्यात अर्धा घनफूट बसतो, म्हणजे तीनशे घमेली. पाणी मारलं की माती खाली बसते, त्याची साठ वरची. एकूण तीनशे साठ. चुकलो तर मिशी काढीन!"

"नक्की?" भिंगरीनं विचारलं.

"अगं, चाळीस वर्षं झाली, केसाला धक्का नाही लागलेला."

तीनशे साठ पडली. जमीन ताटासारखी सपाट. पाणी मारलं, आणि सकाळी कोपरा वीतभर खाली. अजून चाळीस टाकली. पुन्हा पाणी, पुन्हा कोपरा खाली, जणू खालून कुणीतरी घास घेतंय.

भिंगरी कात्री घेऊन हजर. "काका, मिशी!"

आई हळूच म्हणाली, "राहू द्या काका, वयाप्रमाणे होतं असं. अजून वीसेक टाका आणि दाबून घ्या. रविवारी झोक्याचे खांब रोवायचेत."

काकांचं तोंड एवढंसं झालं. मी भिंतीला टेकून होतो. सगळा जीव लावून कोसळलो, खणखणलो, लोळलो. भिंगरी टाळ्या पिटत म्हणाली, "घमेलं नाचतंय!" जन्मभर उगाच बोंबललो होतो. आता खरी बोंब कोण ऐकणार?

काकांची एक सवय होती. विचार करायचा तर मला पालथं घालून वर बसायचं आणि खुरप्याच्या मुठीनं मला वाजवायचं. हिरवळीच्या जागेच्या मधोमध बसले. ठक, ठक. मग मला घेऊन कोपऱ्यात गेले, बसले, वाजवलं.

ढम्म.

काकांचा हात थांबला. ते स्वतःशीच म्हणाले, "लांबी तीच, रुंदी तीच, थर मी स्वतः मोजलाय. हिशोब बरोबर आहे. मग माती जातेय कुठं?"

तेवढ्यात भिंगरी धावत आली. "आता मी बसणार त्याच्यावर!"

"भिंगरे, तिथंच थांब! एक पाऊल पुढं टाकलंस तर बघ!"

पोरगी जन्मात पहिल्यांदा थांबली. काका हळूच आडवे झाले आणि पोटावर सरपटत बाहेर आले. त्यांचा पाय सुटला न सुटला तोच कडाड झालं. फळी गेली, माती गेली, मी गेलो. पडताना मी मोजत होतो. डुबुक यायला फार वेळ लागला.

वर आई भिंगरीला घट्ट धरून रडत होती. "काका, मी तुम्हाला काय काय बोलले..."

"असू द्या, ताई. मिशी वाचली ना!" काका म्हणाले आणि मिशीतली माती झटकू लागले.

पुढं गाड्या भरभरून दगड आले आणि विहीर तळापासून बुजली. माझ्यासकट. झोका दुसऱ्या टोकाला लागला.

मित्रांनो, माती कमी पडली तर नुसती वरून ओतून दाबू नका. अंदाज सांगणाऱ्यावर हसण्याआधी माती कुठं चाललीय ते बघा. आणि तुम्ही काही झाकलं असेल, तर निदान एका बोलणाऱ्या माणसाला सांगून ठेवा. घमेल्याच्या भरवशावर राहू नका.

काका अजूनही येतात. कोपऱ्यात उभे राहून खुरप्याची मूठ तीनदा आपटतात आणि कान देतात. तेवढा वेळ भिंगरी झोका थांबवते. उत्तर द्यायची मला भयंकर हुक्की येते. एकच ढम्म, बस्स! काय उडतील म्हातारबुवा!

पण मी गप्प बसतो. खालून आवाज आला नाही की काका समाधानानं मान हलवतात, आणि लांबून झोक्याची कुईकुई पुन्हा सुरू होते.